ब्रेनवॉशचा वाक्यात उपयोग

"सर, ब्रेनवॉशला मराठीत काय म्हणतात?"

प्रश्न संस्कृतीचा नव्हता. शब्द मोनिकानं शोधला होता, पैज ओवीनं लावली होती, संस्कृतीचं होतं ते फक्त तोंड. मधल्या सुट्टीत तिघींनी एकाच डब्यातली मटकीची उसळ संपवता संपवता सगळं ठरवलं होतं. मराठीच्या श्रीधर सरांचं म्हणणं असं, की मराठीत ज्याला जोडीदार सापडत नाही असा शब्द इंग्रजांनी अजून काढलेला नाही. म्हणून दहावी ब मधलं कुणी ना कुणी रोज एक शब्द घेऊन त्यांना अडवायला जायचं आणि हात हलवत परत यायचं. "आज तू ऊठ," मोनिका म्हणाली होती. "लई तोंड चालतंय ना तुझं आजकाल. का डरली?"

तोंड चालत होतं खरं. ऑगस्टात वक्तृत्व स्पर्धेत शहरातून दुसरी आल्यापासून संस्कृती सगळ्यांशीच बोलायची. रिक्षावाल्याशी, टँकरवाल्याशी, शिपाईमामांशी, भिंतीवरच्या पालीशीसुद्धा. सातवीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा, ती हीच, असं नव्या पोरींना सांगितलं तर खरं वाटायचं नाही. साठवलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं आणि तिला त्याची मोठी मजा वाटत होती.

सरांनी खडू तळहातावर एकदा उडवला. "मेंदूधुलाई म्हणतात. मला तो आवडत नाही, लाँड्रीच्या पाटीसारखा वाटतो. बुद्धिभेद म्हणतात, तो भारदस्त. आणि तुमच्या आज्यांना विचारलंत तर त्या म्हणतील फूस लावली, कान भरले, नादी लावलं. झालं समाधान?"

ओवीनं कपाळावर हात मारून घेतला. पैजेची कुल्फी गेली.

"बसू नकोस," सर म्हणाले. "नुसता अर्थ सांगितला की गुण किती?"

"एक," वर्ग ओरडला.

"दुसरा कधी?"

"वाक्यात उपयोग केल्यावर."

"मग कर उपयोग."

संस्कृतीला विचार करायला वेळच मिळाला नाही. वेळ लागलाही नाही. वाक्य तिच्या तोंडात आठ वर्षांपासून तयार पडलेलं होतं, ते आपल्या पायांनी बाहेर आलं.

"माझ्या ताईचं ब्रेनवॉश झालं."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं आणि मग हसायचं नाही हे कळून गप्प झालं. मोनिकानं तिच्या ओढणीचं टोक खाली ओढलं, बस म्हणून. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, आपल्या त्या गोल गोल अक्षरात. घरात इतक्यांदा ऐकलेलं वाक्य हिरव्या फळ्यावर पांढऱ्या रंगात पाहून संस्कृतीला कसंसंच झालं. कुणीतरी घरातली चादर रस्त्यावर वाळत घातल्यासारखं.

"कर्ता शोध," सर म्हणाले. आवाज मात्र एकदम मऊ झाला होता. "क्रियापद 'झालं'. होणारं काय, असं विचार."

"होणारं... ब्रेनवॉश."

"म्हणजे कर्ता ब्रेनवॉश. आणि ताई?"

"ताईचं. षष्ठी, सर."

"षष्ठी. म्हणजे या वाक्यात तुझी ताई काही करतच नाही. नुसती उभी आहे." सरांनी 'ताईचं'खाली रेघ मारली. "कुणी केलं ते?"

"करुणा मॅडमनी. तिच्या कॉलेजातल्या."

"तू पाहिलंस?"

"नाही. पप्पा सांगतात."

सरांनी खडू खोक्यात ठेवला आणि हात झटकले. "या वाक्याला मला आज गुण देता येत नाही. चुकलेलं नाही ते, अर्धं आहे. सोमवारपर्यंत पुरं करून आण. घाई नाही. नाही झालं तरी चालेल."

नाही झालं तरी चालेल, असं श्रीधर सर आजवर कुणालाच म्हणाले नव्हते. संस्कृतीला सगळ्यात जास्त तेच लागलं.

*

दीपमालाताई संस्कृतीपेक्षा चौदा वर्षांनी मोठी. मधे कुणी नाही, त्यामुळं ती अर्धी बहीण आणि अर्धी आईच होती. संस्कृतीची वेणी घालायची, पाढे पाठ करून घ्यायची, गच्चीवर डब्यांत लावलेल्या रोपांची लांबलचक नावं शिकवायची. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं तिनं. करुणा मॅडम तो विषय शिकवायच्या, आणि घरात दर दोन वाक्यांमागं एकदा 'करुणा मॅडम म्हणतात' यायचं.

ती एकवीस वर्षांची असताना तिचं लग्न ठरलं. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, पत्रिका वाटून झाल्या, दौलताबादच्या पलीकडं गावाकडच्या भावकीत तर पप्पा स्वतः घरोघर जाऊन अक्षत देऊन आले. हळदीला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी ताई लायब्ररीची पुस्तकं परत करायला म्हणून कॉलेजात गेली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. मी बरी आहे. मला हे लग्न करायचं नाही. मला शोधू नका.

पप्पा दोन दिवस पलंगावर बसून होते. वाळूजच्या कंपनीत शंभर माणसांवर सुपरवायझर असलेला माणूस, पण दार वाजलं की आत जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी ते उठले, दाढी केली, आणि त्यांच्या तोंडात तो शब्द होता. कुठून आणला कुणास ठाऊक, बहुतेक टीव्हीवरून. "पोरगी आपली चांगलीच आहे. तिचं ब्रेनवॉश केलंय त्या बाईनं." मग तो शब्द घेऊन ते ज्या ज्या घरी अक्षत दिली होती, त्या प्रत्येक घरी पुन्हा गेले. तो नसता तर त्यांचे पाय उंबऱ्यापर्यंत उचलले असते की नाही, सांगता येत नाही.

सात वर्षांच्या संस्कृतीला ब्रेनवॉश म्हणजे काय ते बरोबर कळलं. ब्रेन म्हणजे डोकं, वॉश म्हणजे धुणं. ताईचे केस कमरेपर्यंत होते, त्यांना दोन बादल्या लागायच्या. आणि गल्लीत नळ यायचा पाच-सहा दिवसांतून एकदा. केस कधी धुवायचे हे वारावर नाही, पाण्यावर ठरायचं. म्हणून तिनं भरल्या घरात, काका-काकू सुतकात बसल्यासारखे बसलेले असताना विचारलं, "मम्मी, करुणा मॅडमकडं नळाला रोज पाणी येतं का?"

तीन दिवसांत पहिल्यांदा घर हसलं. काका डोळे पुसत हसले, मम्मीसुद्धा पदर लावून हसली. संस्कृतीला वाटलं आपण काहीतरी चांगलं केलं.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी पप्पांनी तिला फोनसमोर बसवलं. मोठ्यांचा आवाज ऐकला की ताई फोन ठेवून द्यायची, धाकटीचा आवाज ऐकून विरघळेल असं कुणीतरी सुचवलं होतं. पप्पांनी वाक्य दिलं, चार वेळा म्हणून घेतलं, कवितेसारखं. स्पीकर चालू केला. ताईनं "हॅलो" म्हटलं, आणि संस्कृतीनं न अडखळता म्हटलं:

"ताई, करुणा मॅडमनी तुझं ब्रेनवॉश केलंय. तू घरी ये."

पलीकडं काहीच आवाज नाही. सगळे फोनकडं बघत होते. संस्कृतीला वाटलं, नुसतं ये म्हटल्यावर कोण येईल, काहीतरी कारण पाहिजे. तिनं आपल्या मनानं पुढं जोडलं:

"आज नळ आलाय. मम्मी तुझं डोकं पुन्हा धुऊन देईल."

पलीकडून एक आवाज आला, हसल्यासारखा किंवा ठसका लागल्यासारखा, आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागलाच नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

"जादा कामून बोललीस?" पप्पा म्हणाले. रागानं नाही, दमून. "शिकवलं तेवढंच बोलायचं होतं ना, बेटा."

तेव्हापासून संस्कृती शिकवलं तेवढंच बोलायची.

*

गुरुवारी संध्याकाळी मम्मी ओट्याजवळ खाली बसून मेथी निवडत होती. संस्कृती समोर बसली, एक जुडी ओढून घेतली.

"मम्मी, एक विचारू?"

"इचार की. नाय म्हणलं तर थांबणार हाईस का तू."

"ताई जायच्या आधी कधी म्हणाली होती का, की मला लग्न करायचं नाही म्हणून?"

मम्मीचे हात थांबले. "कुणी शिकवलं तुला हे इचारायला?"

"कुणी नाही."

"कुणीतरी असंल. तुला काय आठवतंय त्यातलं, लेकरू होतीस तू." तिनं दोन काड्या निवडल्या, एक चांगली काडी टाकून दिली, आणि मग मेथीकडंच बघत बोलली. "म्हणली होती. बांगड्या भरायच्या दिवशी."

"मग?"

"मग काय. कासारीण पुढ्यात बसलेली. तिचा हात कासारणीच्या हातात. मला म्हणली, मम्मी, मला नाय करायचं हे. हळूच म्हणली. हात असा ताठ केलेला, बांगडी वर चढंना."

"तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, हात ढिला सोड."

गॅसवर दूध होतं, ते वर आलं. मम्मीनं उठून गॅस बारीक केला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"मम्मी, म्हणजे ब्रेनवॉश-बिनवॉश काही नव्हतं."

"असू दे गं." मम्मी वळली नाही. "असू दे ते तसंच. कुणी केलं म्हणलं की त्या बाईला शिव्या देता येतात. कुणीच नसंल केलं तर मग ती आपल्या मनानं गेली. लेक आपल्या मनानं आपल्याला सोडून गेली म्हणल्यावर बसून शोधावं लागतं, आपलं काय चुकलं. तुझ्या पप्पाला ते शोधता यायचं नाय. मला सापडलंय, म्हणून सांगते."

संस्कृतीकडं वक्तृत्वाची पाठ केलेली किती तरी वाक्यं होती. त्यातलं एकही इथं उपयोगाचं नव्हतं. तिनं उरलेली मेथी निवडून दिली.

मग खोलीत जाऊन वही उघडली. करुणा मॅडमनी ताईचं ब्रेनवॉश केलं, असं लिहिलं. करणारी कोण? पाहिलेलं नाही. खोडलं. ताईनं नाही म्हटलं, असं लिहिलं. हे बरं होतं, पण यात घरच्यांनी काय केलं ते येत नव्हतं. ताई गेली, असं लिहिलं, आणि घाबरून लगेच खोडलं, कारण गेली म्हटलं की माणूस मेल्यासारखं वाटतं. शेवटी लिहिलं, ताई घर सोडून गेली. जाणारी कोण? ताई. पहिल्यांदाच ताई वाक्याच्या पुढं येऊन उभी राहिली होती. पण का गेली, ते अजून बाकीच होतं.

*

"करुणा मॅडम म्हणजे त्या चष्मेवाल्या का, वनस्पतीवाल्या?" शुक्रवारी ओवीनं विचारलं. "अगं, आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, तळमजल्यावर. माझ्या आजीला कोरफड देतात."

आठ वर्षं जी बाई घरात राक्षसिणीसारखी वावरत होती, ती सिडकोत राहात होती आणि कोरफड वाटत होती. संस्कृती शाळा सुटल्यावर ओवीबरोबर गेली. मोनिकाही आली. "मी लावलेली काडी, मलाच बघू दे," असं म्हणाली, पण जिन्यापाशी आल्यावर दोघीही थांबल्या. "जा तू. आम्ही इथं उभ्या आहोत," ओवी म्हणाली. दोघींपैकी कुणीच चिडवलं नाही.

दार उघडलं ती एक बारीकशी, पांढऱ्या केसांची बाई होती. गॅलरीत कुंड्याच कुंड्या, आणि टेबलावर एकच कप. संस्कृतीनं नाव सांगितलं. मॅडमनी दाराची कडी हातातून सोडली नाही.

"सुदर्शनरावांची धाकटी?"

"हो."

"घरी माहीत आहे?"

"नाही."

"मग जा बाळा." त्या शांतपणे म्हणाल्या. "तुझे वडील आमच्या स्टाफरूममध्ये येऊन जे बोलून गेले, ते अठरा लोकांनी ऐकलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही मुलगी माझ्याकडं एकटी येऊन बसली नाही. आई-बाप पाठवायचेच नाहीत. दुसऱ्या मुलीचा आळ घ्यायचं माझं वय नाही आता."

"मला फक्त एक वाक्य पुरं करायचंय," संस्कृती म्हणाली. "तुम्ही तिला काय सांगितलं होतं? एवढंच सांगा, मी जाते."

मॅडमनी तिच्या दप्तराकडं पाहिलं. मग कडी सोडून आत जाऊन खुर्चीत बसल्या. संस्कृती उंबऱ्यातच उभी.

"मी सांगितलं होतं, लग्न कर."

"काय?"

"माझ्यासमोर बसून रडत होती. म्हणाली, घरी तीनदा सांगितलं, ऐकलंच नाही कुणी. मी म्हणाले, दीपमाला, पत्रिका वाटून झाल्यात, आता वडिलांची मान खाली घालू नकोस, पुढं शिकता येईल लग्नानंतरही. समंजस बायका जे बोलतात ते सगळं बोलले मी. तिनं ऐकून घेतलं, पाणी प्यायली, आणि म्हणाली, मॅडम, तुम्हीसुद्धा? आणि गेली." मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुझे वडील स्टाफरूममध्ये ओरडत होते, तेव्हा मी सांगू शकले असते की मी तर उलटंच सांगितलं होतं. पण ते सांगायची मला लाज वाटली. वाटलं, असू दे आळ. निदान तिच्या बाजूनं उभं राहिल्याचा तरी आळ आहे."

ताई मॅडमकडं परत आली ती तीन वर्षांनी, नोकरी लागल्याचे पेढे घेऊन. आता अजिंठ्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. एकटीच राहात होती. एसटीनं तीन तासांवर. घरच्यांपैकी तिथं आजवर कुणी गेलं नव्हतं.

"नंबर देणार नाही," मॅडम म्हणाल्या. "मी लावते. ती हो म्हणाली तर बोल."

त्यांनी फोन लावला, दोन शब्द बोलल्या, ऐकलं, आणि फोन पुढं केला. संस्कृतीनं तो दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो."

"कोण बोलतंय?" मॅडमनी सांगितलेलं असूनही ताईनं विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"संस्कू."

पलीकडं शांतता. तीच, आठ वर्षांपूर्वीची.

"संस्कूचा आवाज असा नाही," ताई म्हणाली.

 खरंच होतं. तो आवाज कधीच गेला होता, आणि बदलताना ऐकायला ताई नव्हती.

"कुणी सांगितलं तुला फोन करायला?" ताईनं विचारलं. आवाज कडक नव्हता, सावध होता. उंबऱ्याआडून बोलल्यासारखा. "पप्पा आहेत का तिथं? स्पीकर चालू आहे का?"

"नाही गं. स्पीकर नाहीये." संस्कृतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड थांबलं नाही. "मोनिकानं शब्द काढला, ओवीनं पैज लावली, म्हणून मी सरांना विचारलं. सरांनी वाक्य पुरं करायला सांगितलं, म्हणून इथं आले. इथवर मला सगळ्यांनी ढकललंय, ते खरंय. पण आता जे बोलतेय ते कुणी शिकवलेलं नाही. ताई, मी त्या दिवशी जास्त बोलले म्हणून तू फोन ठेवलास ना?"

"कोण म्हणालं असं?"

"मलाच माहितेय. पप्पांनी शिकवलं तेवढंच बोलले असते तर तू आली असतीस."

मग ताई रडली. मोठ्यानं नाही, पण फोनवर सगळं जवळून ऐकू येतं.

"वेडे," ती म्हणाली. "पप्पांचं वाक्य ऐकून माझं मन दगड झालं होतं. पाण्याचं वाक्य तुझं होतं, ते मला लगेच कळलं. अजून एक मिनिट ऐकलं असतं तर मी रिक्षा करून घरी आले असते आणि डोकं धुवायला बसले असते. म्हणून ठेवला फोन. तुझ्या बोलण्यानं नाही ठेवला. तुझ्या बोलण्यानं आले असते, म्हणून ठेवला."

बाहेर कुणाची तरी टाकी भरून वाहात होती. मॅडम उठून गॅलरीत गेल्या आणि कुंड्यांकडं बघत उभ्या राहिल्या.

"मी येऊ का तुझ्याकडं?" संस्कृतीनं विचारलं. "या रविवारी? सकाळची एसटी पकडते."

"नाही."

"कामून?"

"तू पंधराची आहेस. तू इथं आलीस तर उद्या घरी एक शब्द उलटा बोललीस तरी म्हणतील, दीपमालानं हिचं ब्रेनवॉश केलं. तुझं शिक्षण, तुझं बाहेर येणं-जाणं सगळं बंद होईल. मी पाहिलंय ते. अठराची हो, मग ये. मी कुठं जात नाही."

"तीन वर्षं?"

"आठ काढली ना. अजून तीन." ताईनं विषय बदलला. "मम्मीचे गुडघे कसे आहेत?"

"दुखतात."

"हं," ताई म्हणाली. मग ताईनंच फोन ठेवला.

दारापर्यंत सोडताना मॅडमही तेच बोलल्या. "घरी सांगितल्याशिवाय तिकडं जाऊ नकोस. मला विचारशील तर थांबच."

*

गल्लीच्या तोंडाशी येतानाच पाण्याच्या मोटारींचा आवाज ऐकू आला. नळ आला होता, आठव्या दिवशी. घरात धांदल उडालेली. पप्पा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाइप या ड्रममधून त्या ड्रममध्ये टाकत होते. मम्मी मोरीत भांड्यांचा, कपड्यांचा, पायपुसण्यांचासुद्धा ढीग घेऊन बसली होती. पाणी आलं की हे घर काहीच धुवायचं ठेवायचं नाही.

"कुठं होतीस?" पप्पा म्हणाले. "ती कळशी घे अन् माठ भर आधी."

संस्कृतीनं दप्तर ठेवलं. माठ भरला. स्वयंपाकघरातली दोन पिंपं भरली. मग ओल्या हातांनी मोरीच्या दारात येऊन उभी राहिली, जिथून दोघंही दिसत होते.

"पप्पा, मी आज करुणा मॅडमकडं गेले होते. ताईशी बोलले."

पाइप पप्पांच्या हातातून सुटला आणि अंगणात सापासारखा वळवळायला लागला. कुणी उचलला नाही. मम्मीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"काय बोलायलीस तू?" पप्पा म्हणाले. "कुणी नेलं तुला तिथं? कुणी शिकवलं?" त्यांचा आवाज चढला आणि मधेच तुटला. "तुझं पण केलं का त्या बाईनं..."

पुढचा शब्द त्यांच्या ओठावर आलेला संस्कृतीला दिसला. त्याच्याआधी तिनं पप्पांचा चेहरा पाहिला. रागाचा नव्हताच तो. आठ वर्षांपूर्वी पलंगावर बसलेल्या माणसाचा होता, दार वाजलं की आत जाणाऱ्या. आपली आणखी एक लेक जातेय का, एवढंच तो विचारत होता. तिला त्यांची एकदम दया आली, आणि तरीही थांबता येणार नव्हतं.

"ऐका तर आधी," ती म्हणाली. "करुणा मॅडमनी ताईला लग्न कर म्हणून सांगितलं होतं. तिनं नाही ऐकलं. मलाही म्हणाल्या, जाऊ नकोस. ताईसुद्धा म्हणाली, येऊ नको, अठराची हो मग ये. म्हणाली, तू आलीस तर पप्पा म्हणतील मीच तुला बिघडवलं. आणि तुम्ही तर नाही म्हणणारच. म्हणजे सगळ्यांनी मला नाहीच सांगितलंय, पप्पा. एकानंही हो म्हटलेलं नाही. मग मला कोण फूस लावणार?"

पाणी अंगणातून उंबऱ्याकडं यायला लागलं. पप्पा त्याच्याकडं बघत होते, पण त्यांना ते दिसत नव्हतं.

"बांगड्या भरताना म्हणली होती ती मला," मम्मी मोरीतून म्हणाली. कुणाकडंच न बघता. "मी तुमाला सांगितलं नाय."

पप्पा खाली बसले, ड्रमच्या कडेला टेकून, ओल्या फरशीवर तसेच. संस्कृतीनं वाकून पाइप उचलला, रिकाम्या ड्रममध्ये टाकला. नळ जायच्या आत तो भरायलाच हवा होता. मग ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आवाज वक्तृत्व स्पर्धेतला नव्हता, तसा काढताही आला नसता.

"परवा रविवारी सकाळी साडेसातच्या एसटीनं मी अजिंठ्याला ताईकडं जाणार आहे. लपून जाणार नाही, म्हणून सांगतेय. संध्याकाळी परत येणार आहे. तुम्ही दोघं आलात तर तीन तिकिटं काढू, नाही आलात तर एक. जाणारी कोण, असं विचाराल, तर मी. माझं मी ठरवलंय."